इंग्रजीतील गुणवाचक शब्द : अर्थ आणि उपयोग



इयत्ता पाचवीतील एका मुलाच्या वहीत 'माय काउ' ह्या विषयावरील सात ओळी होत्या. त्यांतील चौथी ओळ अशी : 'अवर काउ इज व्हेरी पुअर.' वही तपासताना मी त्या ओळीखाली तांबडी रेघ ओढली आणि मुलास विचारले, "अरे, गाय गरीब कशी असेल? गरीब माणसे असतात." मुलगा क्षणभर घोटाळला, मग म्हणाला, "गुरुजी, आमची गाय खरंच गरीब आहे. धाकट्यानं शेपूट ओढलं तरी लाथ मारत नाही."

चूक मुलाची नव्हती. 'गरीब' ह्या शब्दाला मराठीत दोन घरे आहेत. माणसाच्या सोबतीने तो आला की बहुधा पैशाअडक्याची गोष्ट निघते. गाईच्या सोबतीने आला की स्वभावाची. इंग्रजीतील 'पुअर' ह्या शब्दाला हे दुसरे घर नाही. त्या गाईला तेथे 'जंटल' म्हणावयाचे. परंतु आमच्या वर्गाच्या भिंतीवर मीच ठळक अक्षरांत लिहून टांगलेला तक्ता होता : पुअर म्हणजे गरीब, रिच म्हणजे श्रीमंत, बिग म्हणजे मोठा, ओल्ड म्हणजे म्हातारा. मुलाने त्या तक्त्यावर विश्वास ठेवला, एवढेच. त्या दिवशी तो तक्ता मी उतरविला. पुढे वर्गात जे करून पाहिले आणि त्यातून जे हाती लागले, ते आपणांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

आपल्या राज्यात मराठी माध्यमाच्या शाळांतून इ. स. २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाते. त्याआधी शिकलेल्या आपणांपैकी पुष्कळांची ह्या भाषेशी पहिली ओळख पाचवीत झाली, आणि तीही बहुधा शब्दार्थांच्या यादीतून. ज्या वाटेने आपण गेलो त्याच वाटेने मुलांस नेण्याचा मोह स्वाभाविक आहे. नामांच्या बाबतीत ही वाट फारशी दगा देत नाही. 'ट्री' म्हणजे झाड आणि 'डॉग' म्हणजे कुत्रा, एवढे पाठ करून बरेच दिवस काम भागते. गुणविशेषणांच्या बाबतीत मात्र ती पहिल्याच वळणावर फसते. येथे आपणांस केवळ गुणविशेषणांचाच विचार करावयाचा आहे. संख्याविशेषणे व सार्वनामिक विशेषणे हा निराळा विषय आहे. लेखात इंग्रजी शब्द देवनागरीत दिले असले, तरी फळ्यावर ते अर्थातच रोमन लिपीत लिहावेत.

विशेषण एकटे शिकवू नये

मराठीतील 'कडक' हा शब्द घ्या. तो मुलांच्या रोजच्या बोलण्यातील आहे. फळ्याच्या मध्यभागी तो लिहावा व सभोवती मुलांकडूनच नामे काढून घ्यावीत. आमच्या वर्गात ती अशी निघाली : चहा, भाकरी, ऊन, थंडी, इस्त्री आणि, थोड्या कुजबुजीनंतर, गुरुजी. आता इंग्रजीत ह्या प्रत्येकाला काय म्हणतात ते पाहू. कडक चहा म्हणजे 'स्ट्राँग टी'. कडक भाकरी 'हार्ड'. कडक ऊन 'स्ट्राँग सन'. कडक इस्त्रीची कॉलर 'स्टिफ'. कडक गुरुजी 'स्ट्रिक्ट'. आणि कडाक्याची थंडी 'बिटर कोल्ड', म्हणजे इंग्रजी माणसाची थंडी चक्क कडू असते! हे ऐकून मुले हसतात आणि हसली की शब्द विसरत नाहीत. एका मराठी विशेषणाला पाच इंग्रजी विशेषणे लागली, आणि ती कोणती लागतील हे प्रत्येक वेळी शेजारच्या नामाने ठरविले.

'मोठा' ह्या शब्दाचेही असेच आहे. मोठा दगड 'बिग' असतो. पण मोठा आवाज 'लाउड', मोठा पाऊस 'हेवी', मोठा भाऊ 'एल्डर' आणि मोठा रस्ता पुष्कळदा 'वाइड'. गांधीजी मोठे होते असे म्हणावयाचे असेल तर 'ग्रेट' हा शब्द हवा. तेथे 'बिग' लिहिले तर वाचणाऱ्यास त्यांच्या देहाचा आकार सांगितल्यासारखे वाटेल. 'बिग रेन' आणि 'बिग व्हॉइस' हे प्रयोग आपल्या मुलांच्या वह्यांतून वारंवार आढळतात. त्यांच्याखाली नुसती तांबडी रेघ ओढून भागत नाही, कारण मुलाला आपण 'बिग' म्हणजे मोठा असेच सांगितलेले असते.

उलट दिशेनेही हीच अडचण येते. इंग्रजीतील 'थिक' हा शब्द पाहा. 'थिक बुक' म्हणजे जाड पुस्तक, 'थिक फॉरेस्ट' म्हणजे दाट रान आणि 'थिक मिल्क' म्हणजे घट्ट दूध. जाड, दाट व घट्ट ह्या तिहींचा भार एकटा 'थिक' वाहतो. पण जाड माणसाला मात्र 'थिक' म्हणत नाहीत. त्याला 'फॅट' म्हणतात, आणि तोंडावर म्हणत नाहीत हे वेगळे. घट्ट झालेला सदरा 'थिक' नसून 'टाइट' असतो. 'ओल्ड' हा शब्द म्हाताऱ्या माणसाला लागतो आणि जुन्या वाड्यालाही. त्यामुळे 'माय ओल्ड फ्रेंड' हे शब्द वाचून एका मुलीने पांढऱ्या दाढीच्या माणसाचे चित्र काढले होते. जुना मित्र दहा वर्षांचाही असू शकतो, हे तिला सांगावे लागले.

'टॉल' आणि 'हाय' ह्या दोहोंना मराठीत 'उंच' हा एकच शब्द आहे, म्हणून येथे हमखास गोंधळ होतो. साधारणतः जी वस्तू रुंदीच्या मानाने उंचीला अधिक असते ती 'टॉल' : माणूस, नारळाचे झाड, विजेचा खांब. जी वस्तू पायाशी पसरलेली असते किंवा जमिनीपासून वर असते ती 'हाय' : डोंगर, गढीचा तट, हात न पोहोचणारे फडताळ. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच, महाराष्ट्रात सर्वांत उंच. तरी ते 'टॉल' नव्हे, 'हाय'च. इमारतीला दोन्ही शब्द चालतात. मुलांना नियम सांगण्यापेक्षा शाळेच्या दारात उभे करून समोर दिसेल त्याला दोहोंपैकी एक शब्द लावावयास सांगितले, तर पंधरा मिनिटांत काम होते.

पाण्याविषयीचे शब्द तर खेड्यातील मुलांना मुद्दाम द्यावेत. 'फ्रेश' म्हणजे ताजे असे आपण शिकवितो आणि ताज्या भाजीपुरते ते खरेही आहे. पण 'फ्रेश वॉटर' म्हणजे आताच भरलेले पाणी एवढेच नव्हे, तर समुद्राचे नव्हे ते, आपण ज्याला गोडे पाणी म्हणतो ते. कोकणातील मुलाला हा भेद सांगावा लागत नाही. त्याला फक्त शब्द हवा असतो. मचूळ पाण्याला 'ब्रॅकिश' म्हणतात. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही ते 'हार्ड', आणि येतो ते 'सॉफ्ट'. विज्ञानाच्या तासाला दुष्फेन व सुफेन म्हणून मुलांनी जे ऐकलेले असते तेच हे. पाणी हाताला कठीण लागत नाही, तरी इंग्रजी भाषा त्याला 'हार्ड' म्हणते.

म्हणून माझा आग्रह असा की, मुलांच्या शब्दवहीत विशेषण कधीही एकटे लिहून देऊ नये. 'हेवी' असे न लिहिता 'हेवी रेन' व 'हेवी बॅग' लिहावे. 'रिच' असे न लिहिता 'रिच मॅन' व 'रिच सॉइल' लिहावे, म्हणजे श्रीमंत माणूस आणि कसदार जमीन दोन्ही एकदम कळतात. पाठ करावयाचेच असेल तर जोडी पाठ करावी. शिक्षकांनी स्वतःच्या अभ्यासासाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पाहावा. तो प्रथम १८३१ मध्ये व वाढविलेल्या स्वरूपात १८५७ मध्ये निघाला, आणि आता मोबाइलवरही पाहता येतो. त्यातील इंग्रजी काही ठिकाणी जुनी झाली आहे. परंतु आपल्या एकेका बोलीतील विशेषणापुढे त्या कोशकाराने इंग्रजी शब्दांची केवढी रांग लावली आहे ते पाहिले, की एका शब्दाला एकच प्रतिशब्द देण्याची आपली घाई आपणांसच खटकू लागते.

वस्तूविषयी सांगणारे शब्द आणि आपल्याविषयी सांगणारे शब्द

दुकानात जाऊन कोणी "ती तांबडी शाल दाखवा" म्हटले तर दुकानदार नेमकी शाल काढून देतो. "ती छान शाल दाखवा" म्हटले तर तो विचारतो, "कोणती?" तांबडी, जाड, लोकरी, फाटकी हे शब्द शालीविषयी काही सांगतात. 'छान' हा शब्द शालीपेक्षा बोलणाऱ्याविषयी अधिक सांगतो. इंग्रजीत 'गुड', 'नाइस', 'ब्यूटिफुल', 'बॅड' हे असेच मत सांगणारे शब्द आहेत.

आपल्या मुलांच्या निबंधांत नेमके हेच शब्द दाटीने बसलेले असतात. 'माय व्हिलेज इज अ गुड व्हिलेज. इट हॅज अ गुड रिव्हर. द पीपल आर गुड.' ह्यात व्याकरणाची एकही चूक नाही, म्हणून आपण पूर्ण गुण देतो. पण हे गाव कोणते? हे वर्णन कोणत्याही गावाला लागेल, म्हणजेच कोणत्याही गावाचे नाही.

हा दोष केवळ आपल्या मुलांचा नाही. 'नाइस' ह्या शब्दाचे मूळ 'अजाण' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे आणि इंग्रजीत तो प्रथम 'मूर्ख' ह्या अर्थाने वापरला जाई. पुढे चोखंदळ, नाजूक, नेमका अशी वळणे घेत तो आजच्या 'छान'वर येऊन ठेपला, आणि मग इतका सर्वत्र वापरला जाऊ लागला की जेन ऑस्टिन ह्या लेखिकेने १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या 'नॉर्थँगर अ‍ॅबी' ह्या कादंबरीत एका पात्राच्या तोंडून त्या सवयीची थट्टा केली आहे. 'सिली' हा शब्द उलट वाटेने गेला. आज त्याचा अर्थ वेडगळ असा असला तरी फार पूर्वी तो 'भाग्यवान, धन्य' ह्या अर्थाचा होता. मुलांना हा इतिहास सांगावयाची आवश्यकता नाही. शिक्षकाला मात्र तो ठाऊक असावा, म्हणजे शब्दाचा अर्थ दगडावर कोरलेला असतो ही समजूत राहत नाही.

'गुड' शब्दाला वर्गातून हद्दपार करावे असे माझे म्हणणे नाही. मुलाने 'गुड रिव्हर' म्हटले की "कशावरून?" एवढे मराठीतच विचारावे. उन्हाळ्यातही आटत नाही, असे तो म्हणेल. मग 'द रिव्हर इज नेव्हर ड्राय' हे वाक्य त्याच्या हाती द्यावे. "पाणी नितळ आहे" म्हणेल तर 'क्लिअर' द्यावा. आधी गरज निर्माण व्हावी आणि मग शब्द यावा. उलट क्रमाने दिलेला शब्द परीक्षेपर्यंत टिकतो, त्यापुढे क्वचित.

मराठी कोठे साहाय्य करते, कोठे अडविते

विशेषण नामाच्या आधी येते आणि क्रियापदाच्या बाजूलाही येऊ शकते, ही गोष्ट दोन्ही भाषांत सारखीच आहे. 'हुशार मुलगी' हे अधिविशेषण, 'मुलगी हुशार आहे' हे विधिविशेषण. इंग्रजीत 'अ क्लेव्हर गर्ल' आणि 'द गर्ल इज क्लेव्हर'. काही इंग्रजी शब्द मात्र नामाच्या आधी बसावयास तयार नसतात. 'द चाइल्ड इज अस्लीप' चालते, 'अन अस्लीप चाइल्ड' चालत नाही. तेथे 'अ स्लीपिंग चाइल्ड' म्हणावे लागते. 'अफ्रेड', 'अलाइव्ह', 'अलोन' हे त्याच जातीचे.

मराठीत काळा, काळी, काळे अशी रूपे बदलतात. इंग्रजीत 'ब्लॅक' तो 'ब्लॅक'च. मुलांना ही सवलत वाटावयास हवी, पण मराठीची सवय एवढी बळकट की 'ब्लॅक्स डॉग्ज' असे अनेकवचन ती सहज करून ठेवतात. येथे सुंदर, लाल, कडू ह्या आपल्याच न बदलणाऱ्या विशेषणांची आठवण द्यावी : लाल फूल, लाल फुले. इंग्रजीची सारी विशेषणे 'लाल'सारखी आहेत, एवढे सांगितले की पुरते.

'अ' आणि 'अन' ह्यांविषयी एक गोष्ट सुटून जाते. 'अन अँट' असे पाठ केलेले मूल 'अन रेड अँट' लिहिते. ही निवड नामाकडे पाहून नव्हे, तर लगतच्या शब्दाच्या पहिल्या उच्चाराकडे पाहून करावयाची असते : 'अ रेड अँट', 'अन ओल्ड मॅन'. 'यूसफुल'चा आरंभ 'य'ने होतो, म्हणून 'अ यूसफुल थिंग'.

तरतमभावात मराठी 'पेक्षा' व 'सर्वांत' ह्यांवर भागविते, इंग्रजी शब्दालाच शेपूट जोडते किंवा 'मोर', 'मोस्ट' पुढे ठेवते. 'अधिक चांगला' ह्याचे 'मोर बेटर' होऊ नये एवढी दक्षता पुरे. पाठ्यपुस्तकांत ह्याचे पुष्कळ स्वाध्याय असतात.

द्विरुक्तीकडे मात्र पाठ्यपुस्तकांचे फारसे लक्ष जात नाही. आपण लाल लाल फुले, मोठमोठी झाडे, गरम गरम भाकरी म्हणतो. काळाकुट्ट, पांढराशुभ्र, हिरवागार, पिवळाधमक असे जोडशब्द तर आपल्या भाषेचे वैभवच. मुलांच्या इंग्रजीत त्यांचे 'ब्लॅक ब्लॅक क्लाउड्स' होते. लेखी इंग्रजीत अशी द्विरुक्ती करीत नाहीत. तेथे काळ्याकुट्टाला 'पिच-ब्लॅक', पांढऱ्याशुभ्राला 'स्नो-व्हाइट', लालभडकाला 'ब्राइट रेड' आणि हिरव्यागार शेताला 'लश ग्रीन फील्ड' म्हणतात. 'व्हेरी ब्लॅक' म्हटल्याने चूक होत नाही, पण मुलाच्या मनातील रंग त्यात उतरत नाही.

अनेक विशेषणे एकापुढे एक आली तर त्यांचा क्रम कसा लावावा ह्याविषयी व्याकरणपुस्तकांत लांबलचक कोष्टक असते : आधी मत, मग आकारमान, वय, घडण, रंग, मूळस्थान, द्रव्य. मी स्वतः ते अनेकदा पाठ केले व तितक्याच वेळा विसरलो. पुढे लक्षात आले की त्याची फारशी आवश्यकताच नाही. 'एक सुंदर जुनी पितळी समई' हे मराठीत म्हणून पाहा. इंग्रजीत 'अ ब्यूटिफुल ओल्ड ब्रास लॅम्प', तोच क्रम. आता 'एक पितळी जुनी सुंदर समई' म्हणून पाहा. कानाला खडा लागतो तो दोन्ही भाषांत जवळजवळ त्याच ठिकाणी. मराठीत आपण क्वचित क्रम बदलतो, इंग्रजीत तेवढी मोकळीक नाही. तरीपण मुलाने आधी मराठीत म्हणून पाहिले तर दहापैकी आठ वेळा इंग्रजी क्रम बरोबर येतो.

मराठीचे सर्वांत मोठे साहाय्य आणखी एका ठिकाणी होते, आणि तेच आपण घेत नाही. 'सर, आय अ‍ॅम बोअरिंग' असे मूल म्हणते. त्याला म्हणावयाचे असते की मला कंटाळा आला. म्हणून बसते ते की मी कंटाळवाणा आहे. 'बोअर्ड' व 'बोअरिंग' हा भेद इंग्रजी व्याकरणाच्या परिभाषेत समजावयास अवघड आहे. पण मराठीत तो मुलांच्या जिभेवर आहे. ज्याच्यावर काही घडून गेले आहे तो '-लेला', जो ते घडवितो तो '-णारा'. दमलेला बैल 'टायर्ड', दमविणारी चढण 'टायरिंग'. घाबरलेले वासरू 'फ्रायटन्ड', घाबरविणारा आवाज 'फ्रायटनिंग'. पडलेले पान 'फॉलन लीफ', पडणारे पान 'फॉलिंग लीफ'. उकडलेले अंडे 'बॉइल्ड एग', उकळणारे पाणी 'बॉइलिंग वॉटर'. कंटाळलेला मुलगा व कंटाळवाणा धडा ही जोडी तर प्रत्येक वर्गात उपलब्ध असतेच. '-लेला' आणि '-णारा' ह्यांच्या दहा मराठी जोड्या मुलांकडून आधी म्हणवून घ्याव्यात व नंतरच इंग्रजीकडे वळावे.

शेऱ्याच्या रकान्यातील विशेषणे

हे सारे मुलांच्या भाषेविषयी झाले. आपण शिक्षकही इंग्रजी विशेषणे वापरतो. ती वहीच्या समासात व प्रगतिपत्रकाच्या शेवटच्या रकान्यात असतात, आणि मराठी माध्यमाच्या शाळेतही हे शेरे पुष्कळदा इंग्रजीतच पडतात. 'पुअर', 'वीक', 'डल', 'फेअर'. ते लहान असतात आणि रकान्यात मावतात.

एका पालकाने मुलीचे प्रगतिपत्रक माझ्यापुढे धरले व नम्रपणेच विचारले, "गुरुजी, आमची गरिबी हिच्या कागदावर कशाला लिहिलीत?" इंग्रजी विषयापुढे 'पुअर' असा शेरा होता. घरी थोरल्या मुलाने त्याचा अर्थ लावला होता, आणि तो अर्थ त्याला शाळेनेच शिकविलेला होता. 'पुअर इन इंग्लिश' एवढे लिहिले असते तर निदान अर्थाचा घोटाळा झाला नसता. गाईच्या वेळी मी मुलाला जे समजावले होते, तेच ह्या वेळी मला समजून घ्यावे लागले.

दुसरी गोष्ट सांगणे अधिक कठीण आहे. 'डल' ह्या शब्दाचे अर्थ असे : फिका रंग, मळभ आलेला दिवस, बोथट सुरी, बद्द आवाज, मंद दुखणे, निरस पुस्तक. आणि मुलाच्या शेजारी ठेवला तर मंदबुद्धी. एका मुलाच्या नोंदीत मी हा शब्द लिहिला होता. मुलगा फळ्यावरील उतारा कधीच पुरा करीत नसे, शब्द अर्धे टाकी, विचारले तर गप्प राही. पुढील वर्षी त्या वर्गाच्या शिक्षकांनी नोंद वाचली, शेरा ग्राह्य मानला व त्याला मागील रांगेत बसविले. त्यानंतरच्या वर्षी शाळेत आरोग्य तपासणी झाली तेव्हा कळले की त्याला दूरचे दिसतच नव्हते. फळ्यावरील अक्षरे त्याला मळभातून पाहावी तशी दिसत. चष्मा आल्यावर तो पुढे बसून उतारे पुरे करू लागला. नोंदवहीतील शब्द शाईचा होता. तो तसाच राहिला. तो माझ्या हस्ताक्षरातील आहे.

'डल' हे विशेषण त्या फळ्याला लागू होते. मी ते मुलाला लावले. तेव्हापासून नोंद लिहिताना मी व्यक्तीला विशेषण लावण्याचे टाळतो व काय घडते ते वाक्यात लिहितो : तोंडी उत्तरे देतो, फळ्यावरून उतरविताना अक्षरे गाळतो. विशेषण लिहावेच लागले तर त्याला एकटे सोडीत नाही. 'स्लो इन रीडिंग' लिहिले की पुढील शिक्षकाला निदान कोठे पाहावयाचे ते कळते. नुसते 'स्लो' लिहिले तर तो संपूर्ण मुलाकडे तसा पाहू लागतो. रकाना अपुरा पडतो ही अडचण खरी आहे. मी मागील कोऱ्या पानावर लिहितो.

वर्गात करून पाहण्याजोगा एक पाठ

ह्यास सुमारे दोन तासिका लागतात व खर्च काहीच नाही. पहिल्या तासिकेला मुलांनी घरून चिंच, गूळ, मीठ, कडुनिंबाचे पान, आवळा आणि एखादी मिरची आणावी. तीन भांड्यांत गार, कोमट व सोसेल इतके गरम पाणी ठेवावे. मुलांनी चाखावे, बोट बुडवावे आणि आधी मराठीत बोलावे. मग एकेक शब्द द्यावा : 'सावर', 'स्वीट', 'सॉल्टी', 'बिटर', 'कोल्ड', 'ल्यूकवॉर्म', 'हॉट'. मिरचीपाशी गंमत होते, कारण तिखटालाही इंग्रजीत 'हॉट'च म्हणतात, आणि गार मिरची 'हॉट' कशी ह्यावर वर्गात वाद रंगतो. तो रंगू द्यावा. आवळ्यापाशी निराळी अडचण येते. तुरट ह्या चवीला 'अ‍ॅस्ट्रिंजंट' असा शब्द आहे, पण तो पुस्तकी आहे आणि मुलाच्या तोंडी बसावयाचा नाही. तेथे 'इट मेक्स माय माउथ ड्राय' असे वाक्य द्यावे. नेमके विशेषण हाती नसेल तर वस्तू काय करते ते सांगावे, ही युक्ती मुलांना पुढे जन्मभर उपयोगी पडते.

दुसऱ्या तासिकेला जनावरांचा विषय घ्यावा. बैलबाजारात वडिलांबरोबर गेलेल्या मुलाला जनावराचे वर्णन करावयास शिकवावे लागत नाही. खिल्लार की डांगी, मारका की गरीब, शिंगे उभी की मागे वळलेली, अंगाने भरलेला की खप्पड, चालीला चपळ की जड, हे तो दहा मिनिटे सांगू शकतो. तोच मुलगा इंग्रजीच्या तासाला 'द काउ इज अ यूसफुल अ‍ॅनिमल' एवढे लिहून पेन्सिल खाली ठेवतो. म्हणून प्रथम त्याला मराठीत बोलू द्यावे व फळ्यावर त्याची विशेषणे जशीच्या तशी, नामांसह लिहावीत. त्यांतील चार-पाचच निवडून त्यांचे इंग्रजी द्यावे. सगळ्यांचे देऊ नये. खप्पड बैलाला 'थिन' म्हटले की काही निसटते हे खरे, पण पाचवीत तेवढे चालते. नंतर प्रत्येकाने आपल्याच घरच्या किंवा शेजारच्या एका जनावरावर पाच ओळी लिहाव्यात, अशा की त्या वाचून गावातील माणसाने ते जनावर ओळखावे.

ज्या मुलाची गाय 'पुअर' होती, त्याने दुसऱ्या वेळी लिहिलेले मी उतरवून ठेवले आहे. गाय 'जंटल' आहे, रंग 'रेडिश ब्राउन', शिंगे 'शॉर्ट अँड कर्व्ह्ड', दूध 'थिक', आणि डावा कान 'टॉर्न' आहे, लहानपणी कुत्र्याने फाडलेला. 'यूसफुल अ‍ॅनिमल' कोठेच नव्हते. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "गुरुजी, ते तर सगळ्याच गाईंचं असतं." 'कर्व्ह्ड' व 'जंटल' ह्या दोन्ही शब्दांचे स्पेलिंग चुकले होते, ते समासात लिहून देऊन मी त्याच्याकडून दोनदा गिरवून घेतले.